तुर्दूकेच्या नावाची डबी

डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना कुणी आपल्याला पहिल्यांदा पाहावं, असं कुठल्या मुलीला वाटेल? उल्जानलाही वाटत नव्हतं. पण त्या दुपारी वारा खिंडीकडून उलटा फिरला आणि पखालीला द्यायची धुरी पखालीत न शिरता तिच्याच तोंडावर आली. चिडाच्या ओल्या डहाळ्या चुरचुरत होत्या, नुकत्याच पडून गेलेल्या गारा गवतात वितळत होत्या, आणि ती बाहीने डोळे पुसत कातड्याची ती जडशीळ पखाल निखाऱ्यांवर उपडी धरून उभी होती.

"रडताय का?" मागून कुणीतरी विचारलं.

"हो," ती न वळताच म्हणाली. "आमची पखाल गेली. फार गुणाची होती."

मागून अगदी कळवळून आवाज आला, "अरेरे. किती वर्षांची होती?"

आता मात्र ती वळली. एक घोडा निवांत गवत खात होता आणि त्याच्यावर बसलेला तरुण लगाम धरून त्याची मनधरणी करत होता. केसांत गारा अडकलेल्या. मागे निळी थंडपेटी बांधलेली. तुर्दूबेकचा तंबू कुठे, असं त्याने विचारलं. हाच, मी त्यांची मुलगी, असं तिने सांगितलं, आणि पेटीत काय आहे ते विचारलं.

"डब्या. रिकाम्या."

"आमच्याकडे पाहुणे येतात ते काहीतरी भरून आणतात."

"या... इथून भरून न्यायच्या आहेत."

"किमिझ हवंय होय?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. घोड्यानेही खायचं थांबवून मान वर केली, जणू त्यालाही उत्तर ऐकायचं होतं.

"किमिझ नाही," तो चाचरत म्हणाला. "म्हणजे किमिझच... पण ते पिऊन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी जे—"

उल्जानला समजलं. ती इतकी हसली की पखाल हातातून निसटून उतारावरून गडगडत गेली. बिचारा पाहुणा घोड्यावरून उतरून, किंवा खरं सांगायचं तर घसरून, तिच्या मागे धावला.

त्याचं नाव कुबात. राजधानी बिश्केकमधल्या एका संशोधन संस्थेत तो अभ्यास करत होता. घोडीच्या दुधाचं आंबवलेलं किमिझ उन्हाळाभर पिणाऱ्या, पण साखरेचा आजार असलेल्या वयस्क माणसांच्या आतड्यात काय घडतं, हे त्याला शोधायचं होतं. त्यासाठी कुरणातल्या प्रत्येक तंबूतून उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक डबी आणि शेवटी एक डबी. दोन दिवसांत साऱ्या सूसामिर खोऱ्याने त्याचं नाव 'डबीवाला' ठेवलं.

आणि उल्जानचे वडील तुर्दूबेक... त्यांना सगळे मानाने तुर्दूके म्हणत. साखरेचा आजार जुना, पण आवाज मात्र तसाच खणखणीत. कोमुझच्या तीन तारा छेडून ते उपदेशाची पदं गायला लागले, की मेंढ्या वळवणारा माणूस मेंढ्या विसरून जागीच बसायचा. खोटं बोलू नये, भुकेल्याला परत पाठवू नये, आईच्या पुढे चालू नये... साधंच सगळं, पण सुरात आलं की काळजात उतरायचं. ईश्वराने काही माणसांच्या गळ्यातच वाट करून ठेवलेली असते, तसं.

त्या तुर्दूकेंनी डबी हातात घेतली, झाकण उघडून पाहिलं, लावलं. तिच्यावर त्यांचं नाव लिहिलेलं होतं. पाहुणा बाहेर गेल्यावर त्यांनी ती उल्जानपुढे ठेवली.

"तू भर."

"मी? बाबा, ती तुमच्या—"

"माझं पोट सडलेलं आहे, हे मला ठाऊक नाही का? या घरातून पाहुण्याला कधी नासकं गेलंय? शहरातले विद्वान उघडून बघतील आणि म्हणतील, तुर्दूकेने हे दिलं. पाहुण्याच्या भांड्यात घरातलं उत्तम तेच पडायला हवं. आणि घरात उत्तम पोट तुझंच आहे."

बर्मेत वहिनी चुलीपाशी कणकेचे बोरसोक तळत होती. ती झारा टाकून तोंडावर बाही दाबून तंबूबाहेर पळाली. बाहेरून तिच्या हसण्याच्या उचक्या ऐकू येत राहिल्या. दादा रशियात कामाला, आई देवाघरी. घरात वडिलांचा शब्द मोडायला दुसरं होतं कोण? उल्जानने पुष्कळ हुज्जत घातली. पण पाहुणचाराच्या बाबतीत तुर्दूकेंशी वाद म्हणजे खिंडीतल्या वाऱ्याशी वाद. सकाळी डबी भरून थंडपेटीत गेली. कुबातने ती दोन्ही हातांनी घेतली आणि तुर्दूकेंपुढे मान लववली. उल्जान तेव्हा ओढ्यावर होती. तिथून परत येण्याचं तिने दुपारपर्यंत टाळलं.

तरी भेट झालीच. ती मग रोज होऊ लागली.

पेटी थंड ठेवायला कुबात ओढ्याच्या काठी बर्फाचे शिल्लक तुकडे शोधत फिरायचा आणि उल्जानला नेमकं त्याच वेळी पाणी आणायचं असायचं. हिवाळ्यात ती गावच्या शाळेत मुलांना शिकवायची, त्यामुळे प्रश्न विचारायची तिला सवय होती. आणि हा असा विद्यार्थी, की प्रश्न विचारला की त्याचे डोळे दिव्यासारखे उजळायचे. एकदा तिने विचारलं, पोटात एवढे कोट्यवधी जंतू, मग कोण राहायचं आणि कोण नाही हे ठरवतं तरी कोण?

"भिंत," तो म्हणाला.

"कसली भिंत?"

"आतड्याची. भिंत मुकी नसते. तिच्यातल्या काही पेशी प्रथिनांचे अगदी छोटे तुकडे आतल्या चिकट थरात सोडत असतात. पेप्टाइड म्हणतात त्यांना. उपद्रवी जंतू जवळ आला तर ते त्याला भोकं पाडतात. भल्या जंतूंना राहू देतात... पण लांब. भिंतीला टेकू देत नाहीत."

"म्हणजे आमचा अक्तोश." तिने तंबूच्या दारात पसरलेल्या कुत्र्याकडे बोट केलं. "तो मेंढ्यांना चावत नाही. पण एकीलाही तंबूच्या लोकरी नमद्याला अंग घासू देत नाही."

कुबात तिच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, हे मी भाषणात वापरू का?

"आधी पुढचं सांगा. अक्तोशला फार चरबी घातली तर तो झोपतो. मग मेंढ्या दोर कुरतडतात. तुमच्या भिंतीचं काय होतं?"

"अगदी तसंच होत असावं. फार चरबी, फार साखर खाऊ घातलेल्या उंदरांत हे तुकडे कमी पडलेले दिसले आहेत. मग नको ते जंतू वाढतात, भिंतीपर्यंत येतात, आत बारीक धग लागते. न दिसणारी, न दुखणारी. तिच्यातून पुढे वजन, यकृतावर चरबी, साखर. माणसांत हे सगळं कितपत खरं आहे, ते अजून पक्कं ठाऊक नाही. आणि किमिझने काही फरक पडतो का, ते तर कुणालाच नाही. म्हणून तर या डब्या..."

"आणि ते डबीतून कळतं?"

"चुलीत काय जळलं ते राखेवरून थोडंफार कळतंच की."

तिने घागर उचलली, खांद्यावर घेतली आणि चालू लागली. दोन पावलांवर थांबून, मागे न पाहता तिने विचारलं, "असं दुसऱ्याच्या आत डोकावायला संकोच नाही वाटत?"

"वाटतो," तो म्हणाला. "पण तिथे माणूस नटून बसलेला नसतो ना. बरं वाटतं."

तिची घागर डचमळली. मान ओली झाली ती त्या पाण्यानेच, असं ती स्वतःला सांगत घरी आली.

मग तो पेटी घेऊन शहरात गेला, आणि खोऱ्याला अचानक काही आवाजच उरला नाही. घोड्या दुहायच्या वेळी उल्जान रस्त्याकडे तोंड करून बसू लागली. बर्मेत वहिनी रीतीप्रमाणे सासरच्या कुणाचं नाव घेत नसे. उल्जानला ती 'शेंडेफळ' म्हणायची.

"शेंडेफळा," ती म्हणाली, "त्या बाजूला घोडी नाहीये गं. तू कुणाला दुहतेयस?"

गवत पिवळं पडायला लागलं तेव्हा तो परतला. घोड्यावरून धड उतरलाही नव्हता, तोच त्याने उल्जानला हाक मारली. चेहरा असा, जणू मक्केहून आलाय.

"तुमच्या बाबांचं आतडं," तो धापा टाकत म्हणाला. "उल्जान, इतकं सुंदर आतडं मी आजवर पाहिलेलं नाही."

तिच्या हातातली पळी पखालीत पडली. नमद्याच्या आड वहिनीने बाहीचा बोळा दातांत धरल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"सुंदर... म्हणजे?"

"म्हणजे समजूतदार. नाना तऱ्हेचे जंतू, पण सगळे आपापल्या जागी. रखवालदार पुरेपूर, तरी कुणाला उगाच मारत सुटलेले नाहीत. उदार आहे, पण अंतर राखून आहे. वाटेत येताना सारखं तेच डोक्यात."

"हट्टीही असेल," उल्जान जमिनीकडे बघत म्हणाली.

"असू दे. मला आवडलं."

अंगणातल्या काडीने तिने जमिनीवर एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. ईश्वरा, क्षमा कर... पण हा प्रश्न विचारल्यावाचून तिला राहवेना.

"आणि ते बाबांचं नसतं—समजा, एखाद्या मुलीचं असतं, तर?"

"तर आईच्या हाती कर्णफुलं देऊन तिला पाठवलंच असतं," तो हसत म्हणाला.

मुलाच्या आईने मुलीच्या कानात कर्णफुलं घातली की सोयरीक पक्की, हे खोऱ्यातल्या अक्तोशलाही ठाऊक होतं. उल्जानच्या कानशिलांवर रक्त धावलं. सांगावं का? आत्ता, लगेच? पण सांगायचं ते कोणत्या तोंडाने? ज्याला तुम्ही सुंदर म्हणताय ते माझं—आणि कुठून मिळालं, तर... छे. जगात मुलींनी चंद्राच्या साक्षीने, फुलांच्या आडून कबुल्या दिल्या असतील. पण अशी कबुली आदिमातेपासून कुणाला द्यावी लागली नसेल.

ती गप्प राहिली. आणि तिथेच घोळ झाला.

कारण कुबातने ते तुर्दूकेंनाही सांगितलं. अर्थात जपूनच सांगितलं. रक्तातली साखर वाढलेली असूनही आतडं निरोगी कसं, हेच मला कोडं आहे, गोळ्या मात्र चालू ठेवा, असं तो दोनदा म्हणाला. पण स्तुती ऐकताना माणसाचा एक कान बंद असतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या तंबूंत बातमी पोचली, की शहरातल्या विद्वानांनी तुर्दूकेंचं पोट खोऱ्यात पहिलं काढलं. तुर्दूके ताठ बसू लागले. मग पानात मेंढीच्या शेपटीची चरबी आली. मग बोरसोकवर मध. एके सकाळी उल्जानला गोळ्यांची पाकिटं उशीखाली जशीच्या तशी सापडली.

"बाबा, ते माझं होतं," ती हलकेच म्हणाली.

"काय तुझं?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

"गेलं कुणाच्या नावाने? माझ्या. मुलीची पुण्याई बापाला लागतेच." आणि त्यांनी आणखी एक बोरसोक मधात बुडवला. गंमत करत असते तर बरं झालं असतं. पण त्यांच्या डोळ्यांत गंमत नव्हती. त्यांना ते खरंच पटलं होतं.

बोट टोचून साखर बघायला कुबात आला, की ते हसून हात मागे घ्यायचे. पोट एवढं चांगलं असताना बोटाला कशाला त्रास? त्यालाही आदरापुढे फार बोलता येईना. इकडे घागरीतलं पाणी ओगराळ्यामागून ओगराळं संपत होतं. वहिनी म्हणायची, उन्हाळा आहे. उल्जान काही म्हणायची नाही. आईही शेवटच्या वर्षी अशीच सारखं पाणी मागायची.

आणि मग ती सकाळ आली. दूध सुटावं म्हणून शिंगराला आधी घोडीला लावतात, मग दुहतात. तुर्दूकेंनी तपकिरी शिंगरू सोडलं आणि नेऊन लावलं भलत्याच, पांढऱ्या पायाच्या घोडीला. घोडी बिथरली, लाथ झाडली. ते पुन्हा तिलाच लावू लागले. जन्मभर ज्या माणसाने अंधारात टापांवरून घोडी ओळखली, त्याला दहा हातांवरची आपली घोडी दिसत नव्हती. ते डोळे चोळत उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा एखाद्या हरवलेल्या मुलासारखा झाला.

उल्जानने शिंगराचा दोर त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यांचा हात धरून त्यांना तंबूत नेलं, गोळी दिली, समोर बसून ती गिळेपर्यंत उठली नाही.

"आज तो दुसरी डबी मागणार आहे," ती म्हणाली. "ती तुम्ही भरायची."

तुर्दूकेंनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट केलं. "लाज वाटते गं," एवढंच म्हणाले.

"मला नाही वाटत?"

बाप-लेकीने एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि डबी घेतली.

त्या दिवशी दुपारी कुबात ओढ्याकाठी पेटी आवरत होता. दुसऱ्या दिवशी घोड्या मोकळ्या सोडायच्या, किमिझचा हंगाम संपायचा, आणि त्यानेही निघायचं. शहरात पुढच्या महिन्यात मोठी सभा होती. बाहेरदेशीचे विद्वान येणार होते आणि तुर्दूकेंची डबी हा त्याच्या भाषणाचा कळस होता. त्याच्या गुरूंनी तर आधीच चार जणांना सांगून ठेवलं होतं, असं तो फुलून सांगत होता.

उल्जानने त्याच्यापुढे दोन डब्या ठेवल्या.

"एकच हवी होती," तो म्हणाला.

"ही बाबांची. खरी. हिच्यात तुम्हाला सुंदर काही सापडणार नाही." तिने दुसरी डबी पुढे सरकवली. "आणि ही... हिच्यावर ज्याचं नाव आहे, त्याचीच ती पहिलीसुद्धा होती."

त्याने डबी फिरवली. गोल, शाळेतल्या बाईंच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं—उल्जान.

ओढा वाहत होता. एक टिटवी ओरडत गेली. तो नावाकडे बघत होता, आणि तिला वाटत होतं, आत्ता एखादी मोठी गार पडावी आणि नेमकी आपल्या डोक्यावर पडावी.

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही सुंदर म्हणालात." ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मग सांगता येईना. पण ते ऐकून बाबांनी गोळ्या सोडल्या. डोळे जायची वेळ आली त्यांची. उद्या तुम्ही सभेत सांगाल, किमिझने आतडं असं राहतं. मग कुठल्या कुठल्या घरात कोण कोण गोळ्या उशीखाली ठेवेल... तुमचं भाषण गेलं. माझ्यामुळे गेलं. पण ते जायलाच हवं होतं."

तो उठला आणि ओढ्याच्या काठाने चालत गेला. चालत गेला तो दूरच्या खडकापर्यंत. तिथे डोकं धरून बसला. उल्जान जागची हलली नाही. मनातल्या मनात ती आईने शिकवलेली प्रार्थना म्हणत राहिली, आणि तिच्यात स्वतःसाठी काय मागावं हेच तिला सुचेना.

तो परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे तोच दिव्यासारखा उजेड होता—थोडा भेदरलेला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "पाहुण्याला घरातलं उत्तम द्यायचं, ही चाल फक्त तुमच्याच तंबूत आहे का हो?"

उल्जानचा हात तोंडाकडे गेला. हा विचार तिला शिवलाही नव्हता.

पाणी न्यायला तिथे आलेल्या वहिनीला मात्र तो शिवला होता. किंबहुना तिला सगळंच ठाऊक होतं, कारण ओढ्यावर बायका काय बोलत नाहीत? तिने ते तिथेच सांगून टाकलं. वरच्या तंबूतल्या आजोबांची डबी त्यांच्या पैलवान नातवाने भरली होती. पलीकडच्या म्हातारीने सुनेची दिली होती, आणि वर, सून माहेरची दुधातुपातली आहे, असंही सांगितलं होतं. सगळं खोरं पाहुणचारात एकमेकांच्या वरताण.

"म्हणजे मी म्हाताऱ्यांची म्हणून खोऱ्यातली सगळी तरणी आतडी तपासली," कुबात हळूच म्हणाला. "तरीच म्हटलं, एवढी अमृतासारखी कशी..." आणि तो हसायला लागला. आधी बारीक, मग पोट धरून, गवतात बसून. वहिनी हसली. शेवटी उल्जानही हसली, आणि यावेळी डोळ्यांतून पाणी आलं त्याला धूर कारण नव्हता.

दुसऱ्या दिवशी घोड्या मोकळ्या सुटल्या. शिंगरं आयांमागे धावली. पखालीतलं शेवटचं किमिझ वाटग्यांतून फिरलं आणि खोऱ्यातली सगळी माणसं गोल करून बसली. तुर्दूकेंनी कोमुझ घेतला. दरवर्षी ते आशीर्वादाचं पद गात. यंदा त्यांनी तारा लावल्या, डोळे मिटले, आणि वेगळंच काही सुरू केलं.

*पाहुण्याला द्यावी साय, ही वाडवडिलांची रीत,*
*वैद्यापुढे साय ठेवी, त्याची होते फजीत.*
*पखाल विटली आतून, बाहेर तूप लावून काय?*
*लेकीच्या पुण्याईवर बापाची साखर उतरत नाय.*
*झाकलेलं दुखणं वाढे, उघडं पडलं की सरे,*
*तुर्दू म्हणे, मीच चुकलो... बाकीचे का गप्प बरे?*

शेवटची ओळ आली आणि गोलात खाली माना जाऊ लागल्या. आधी वरच्या तंबूतल्या आजोबांची. मग म्हातारीची. मग एकेक करत सगळ्यांच्या. कुणीतरी खुदकन हसलं. मग आजोबाच काठी टेकत उठले आणि कुबातला म्हणाले, बाळा, ती डबी परत आण पाहू. माझं कसं का असेना, माझंच नेलं पाहिजेस.

तुर्दूकेंनी दोन्ही हात उघडले. सगळ्यांनी उघडले. त्यांनी खरेपणाचा आशीर्वाद मागितला, घोड्यांना मागितला, डबीवाल्याला मागितला. ओंजळी चेहऱ्यांवरून फिरल्या. उल्जानने बोटांच्या फटीतून पाहिलं, तर कुबातही बोटांच्या फटीतून तिच्याकडेच पाहत होता.

डब्या गोळा करण्यात त्याचे आणखी दोन दिवस गेले. सभेत काय सांगणार, असं तिने विचारलं. खरं तेच सांगणार, तो म्हणाला. की अजून काही कळलेलं नाही. हंगामाची सुरुवातच हातातून गेली, आता पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यापासून सगळं. गुरू चिडतील, वर्ष जाईल.

"वर्ष जाईल," ती म्हणाली. "याचं वाईट वाटतंय?"

"तेवढं नाही वाटत. हेच वाईट आहे." त्याने पेटी घोड्याच्या पाठीवर बांधली. उल्जानच्या नावाची डबी मात्र त्याने कोटाच्या खिशात ठेवली.

"ती कशाला? ती तुमच्या अभ्यासात बसत नाही."

"लोक सोयरिकीआधी किती चौकशा करतात. घर कसं, माणसं कशी, स्वभाव कसा." तो तिच्याकडे न बघता घोड्याच्या आयाळीशी बोलत होता. "माझी चौकशी तर आतूनच करून झाली. तरी मन म्हणतंय, हीच."

उल्जानने ओठ चावला. मग ती तंबूत गेली आणि एक रिकामी डबी घेऊन आली. उरलेल्यातली. तिच्यावर तिने नाव लिहिलं होतं—कुबात.

"हे काय?"

"तू माझं सगळं पाहिलंस," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'तू' म्हणाली, आणि तो शब्द दोघांच्याही कानात वाजत राहिला. "मी तुझं काय पाहिलंय? पुढच्या वर्षी येताना भरून आण. आणि दुसऱ्या कुणाचं नको. तुझंच."

घोड्याने यावेळी एकदाही गवतात तोंड घातलं नाही. तो सरळ निघाला. कुबात मात्र खिंडीपर्यंत उलटाच बसल्यासारखा मागे वळून बघत होता.

हिवाळा बर्फाचा गेला. तुर्दूकेंनी गोळ्या चुकवल्या नाहीत, चरबी सोडली, आणि डोळे निवळले. फोन यायचे. पण खोऱ्याकडच्या गावात फोनवर वारा जास्त आणि शब्द कमी ऐकू येतात. भाषण झालं, चूक सांगितली, लोक हसले, मग एकाने उठून पाहुणचाराबद्दल पुष्कळ प्रश्न विचारले. एवढं कळलं. डबीचं नाव मात्र त्याने एकदाही काढलं नाही.

पुन्हा कुरण हिरवं झालं. पुन्हा पखालीला धुरी द्यायची वेळ आली. उल्जान डोळे पुसत उभी होती, तेव्हा चढावर एक गाडी थांबली. आधी कुबात उतरला. मग पांढरा रुमाल बांधलेली एक ठेंगणी बाई उतरली. दोन्ही हातांत तिने ती निळी पेटी धरली होती.

"रडतेयस का?" तो म्हणाला.

"धूर आहे," ती म्हणाली. पण धूर दुसऱ्या बाजूला चालला होता.

पाहुणे तंबूत बसले. पाव मोडला, चहा झाला. मग त्याच्या आईने पेटी उघडली आणि एक डबी काढून उल्जानपुढे ठेवली. कुबात, असं तिच्यावर उल्जानच्याच अक्षरात लिहिलेलं. वहिनी आपोआप चुलीमागे सरकली. तुर्दूकेंनी छताकडे पाहायला सुरुवात केली.

"उघड की," कुबात म्हणाला. "तूच म्हणालीस ना, माझंच हवं."

उल्जानने श्वास रोखून, मान जरा लांब ठेवून झाकण फिरवलं.

आत कापसावर चांदीची कर्णफुलं होती. जुनी, झिजलेली, खाली पोवळ्याचे लाल थेंब.

"माझ्या सासूबाईंनी मला घातली होती," त्याची आई पुढे सरकत म्हणाली. "इकडे कान कर, पोरी."